कंपनीचा भाव

दुकानदारानं सांगितलेल्या भावात कोकिळाकाकूंनी वस्तू घेतली, असं बुऱ्हाणपुरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. गांधी चौकातले कापडवाले त्यांना लांबून येताना पाहूनच भाव चढवून ठेवत, आणि काकू तो चढवलेला उतरवून वर मूळचाही उतरवून दाखवत. नात्यात लग्न ठरलं की नवरीच्या मामीआधी काकूंना निरोप जायचा. "काकू, तुम्ही बोलू नका हवं तर, नुसत्या दुकानात बसा." एकदा एका भांडेवाल्यानं शेवटी हात जोडले. "काकू, माझ्याकडंच नोकरीला लागा. इंदूरहून माल आणायला तुम्हीच जात जा." काकूंनी पगार विचारला, आणि तोही वाढवून मागितला.

अशा बाईची सून मृणाल. तिला दुसऱ्याचा भाव पाडता येत नसे हे तर झालंच, पण स्वतःचा सांगताही येत नसे. दीड वर्षाची चिमी झोपली की ती लॅपटॉप उघडायची. झोपेतही चिमीची मूठ आईच्या ओढणीवर घट्ट असे, म्हणून मृणाल जागची न हलता एका हातानं लेबलं तयार करी. कोणाच्या लोणच्याच्या बरणीसाठी, कोणाच्या पापडाच्या पुड्यासाठी, कोणाच्या मुलाच्या वह्यांवर चिकटवायला. काम असं देखणं की बरणी रिकामी झाली तरी लेबल काढवत नसे. पण "किती झाले गं?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची,

"बघा, तुम्हालाच वाटेल ते द्या."

मग लोकांना काय वाटायचं, ते सांगायला नको.

छपाई मात्र खंडव्याहून करून आणावी लागे. तिकडून कधी हिरवं सांगितलेलं केळं निळं होऊन येई, तर कधी सण उलटून गेल्यावर सगळा गठ्ठा येई. म्हणून मृणालच्या मनात एक मशीन भरलं होतं. टेबलावर मावेल एवढं, स्टिकर छापणारं आणि छापून झाल्यावर प्रत्येकाच्या कडेकडेनं स्वतःच कापणारं. त्याचा व्हिडिओ तिनं इतक्यांदा पाहिला होता की ते कापायला लागताना जो आवाज करतं, तो आवाज चिमी तोंडानं काढायची. "झर्र, झर्र."

घाईचं कारण होतं मालूबाई. शाहपुरची ही काकूंची मावसबहीण. तिथल्या बायांना जमवून तिनं केळीच्या चिप्सचा उद्योग उभा केला होता. दिवाळीसाठी तिला डब्यांवर लावायला लेबलं हवी होती, भरपूर. "दसऱ्याला नमुना हातात दे," तिनं बजावलं होतं, "नाहीतर मी दुसरीकडं टाकते काम. मग रुसू नको."

मशीनचे अर्धे पैसे मृणालनं साठवले होते. अर्धे काकू देणार होत्या, केळीच्या कापणीतले, आणि हौसेनं देणार होत्या. अट एकच.

"भाव मी तोडणार. सांगितल्या भावात माझ्या घरात सुई नाही आली, मशीन कशी येईल?"

एका सकाळी तिघी शनवारा दरवाजाजवळच्या श्रीकांतच्या दुकानात गेल्या. श्रीकांत शाई, कागद आणि छपाईची यंत्रं विकायचा. दुकान बोळाएवढं, आणि चष्मा कायम कपाळावर. त्यानं मशीन दाखवलं, भाव सांगितला. काकूंनी निम्मा सांगितला. श्रीकांत हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मशीनला उगीच एक टिचकी मारली. "प्लास्टिकच आहे की सगळं."

"काकू, यात मला काही करता येत नाही. कंपनीचा भाव आहे."

"सगळे हेच म्हणतात, भैया. ठीक ठीक लगाओ."

"ठीकच आहे काकू. एक रुपया खाली नाही होत."

मग काकूंनी हुकमाचा एक्का काढला. पदर सावरला, चिमीला कडेवर घेतलं आणि "चल गं, दुकानांची काय कमी आहे," म्हणत पायरी उतरल्या. एरवी एव्हाना मागून हाक यायचीच. आज मागून फक्त श्रीकांतचा पंखा कुरकुरत होता. काकू स्कूटीशेजारी उभ्या राहिल्या. चपलेतला नसलेला खडा काढला. समोरच्या दुकानातल्या जिलब्यांचा रंग न्याहाळला. शेवटी श्रीकांत बाहेर आला. काकूंचा चेहरा उजळला.

"चिमीचा मोजा राहिला होता खुर्चीत," तो म्हणाला आणि मोजा देऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला, चेतनला, कामाला लावलं. त्यानं नेटवर पाहिलं तर मशीनच्या फोटोखाली भावच नव्हता. 'किमतीसाठी फोन करा,' एवढंच.

"भाव लपवतोय म्हणजे दाल में काला," काकू म्हणाल्या.

फोन केला. तोच भाव. इंदूरला लावला. तोच. रविवारी काकू हट्टानं जळगावला गेल्या, मोठ्या काचेच्या दुकानात. तिथल्या मुलीनं बसायलासुद्धा न सांगता तोच आकडा सांगितला, अगदी शेवटच्या रुपयापर्यंत. मशीन बिघडलं तर काय, असं मृणालनं हळूच विचारलं. "पॅक करून पाठवा मॅडम," ती म्हणाली, मोबाईलमधून मान वर न काढता.

परतीच्या वाटेवर काकूंचं ठरलं. "हे सगळे मिळालेले आहेत एकमेकांना. मंडीत नाही का, व्यापारी चहाच्या टपरीवर ठरवून येतात नी मग एकच बोली लावतात? तसंच आहे हे. मी नाही देणार असल्यांना पैसा. राहू दे मशीन."

मृणाल खिडकीबाहेर पाहत राहिली. मांडीवर चिमी हलकेच "झर्र, झर्र" करत होती. मृणालनं तिच्या टाळूवर हनुवटी टेकवली. मालूबाईचा सकाळीच फोन येऊन गेला होता.

"आई," ती म्हणाली, "मला हे मशीन पाहिजे."

एवढंच. पण लग्न होऊन आल्यापासून 'पाहिजे' हा शब्द तिच्या तोंडून काकूंनी पहिल्यांदा ऐकला होता. त्यांनी सुनेकडं पाहिलं, मग रस्त्याकडेच्या केळीच्या बागांकडं. "उद्या त्या श्रीकांतला विचारते," त्या पुटपुटल्या. "तोंडावर विचारते."

आणि विचारलंच. दुकानात पाऊल ठेवता ठेवता. "काय रे, किती जण मिळून ठरवलाय हा भाव?"

श्रीकांतनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "आम्ही नाही ठरवत काकू. जी कंपनी मशीन बनवते, ती ठरवते. मी त्याखाली विकलं तर माझी डीलरशिप जाते. जळगाववाल्यानं विकलं तर त्याची जाते. खरं सांगू? म्हणून तर माझं बोळाएवढं दुकान टिकलंय. नाहीतर इंदूरच्या मोठ्यांनी कमी भाव करून मला कधीच उठवलं असतं."

काकू खुर्चीवर बसल्या.

"थांब. पुन्हा सांग. भाव कोण ठरवतं?"

"बनवणारा."

"नी विकणारा?"

"विकणारा ऐकतो."

"घेणारा?"

"घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या. पण भाव बनवणाऱ्याचाच."

काकूंच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग ओठाचा एक कोपरा हलला, मग खांदे, आणि मग त्या अशा हसायला लागल्या की चिमी घाबरून आधी मृणालला बिलगली आणि मग स्वतःही खिदळायला लागली.

"अरे माझ्या बाप्पा!" डोळे पुसत काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून केळी पिकवतेय मी. कंद लावायचे आम्ही, पाणी द्यायचं आम्ही, वाऱ्यात आडवी झाली तर रडायचं आम्ही. नी भाव? तो सकाळी दुसराच कोणी सांगतो! मी म्हटलं दुनियेची रीतच आहे ती. नी इथं बघ, बनवणारा आपल्या मालाचा भाव सांगतो नी सगळा हिंदुस्थान गप ऐकतो!"

"मग काकू... बिल करू?"

"कर. पूर्ण भावात कर." हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज किंचित अडखळला, पण गेला निभावून. "पण भाऊ, भाव कंपनीचा. बाकीचं तर तुझंच ना? आता ते बोल."

आणि काकूंनी खुर्ची पुढं ओढली. श्रीकांतनं स्वतः घरी येऊन मशीन बसवायचं. मृणाल लेकराला सोडून येऊ शकत नाही, तेव्हा शिकवायलाही घरीच यायचं, तिला पुरतं येईपर्यंत. बंद पडलं तर त्याच दिवशी यायचं, उद्या-परवा चालणार नाही. श्रीकांत प्रत्येकाला हो म्हणत गेला, कारण हे सगळं तो तसंही करतच असे. पण काकूंना त्यानं ते झगडून मिळवू दिलं. शेवटी स्टिकरच्या कागदाचा एक रोल त्यांनी पिशवीत घातला तेव्हा मात्र तो खरोखर कळवळला.

मशीन आलं. पहिलं लेबल बाहेर पडलं तेव्हा घर श्वास रोखून होतं. पिवळंधमक केळं, खाली 'शाहपुरी चिप्स', आणि केळ्याच्या वळणावळणानं नेमका गेलेला काप. चिमीनं ते उचललं आणि आजीच्या कपाळावर चिकटवलं. काकूंनी दिवसभर काढलं नाही.

दसऱ्याला मालूबाई आली. नमुना उलटापालटा करून पाहिला, बोटानं रंग घासून पाहिला. आवडल्याचं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिनं फार कष्ट घेतले. मग काकूंना दाराआड ओढलं.

"कोकिळे, तू माझ्या बाजूनं बस. तुझ्यावाचून माझी कोणती खरेदी झाली का आजवर? सुनेला सांग भाव नीट लावायला."

काकूंना मोठाच पेच पडला. बहिणीचा शब्द मोडवेना. त्या निमूट तिच्या शेजारी जाऊन बसल्या, गिऱ्हाइकाच्या बाजूला. समोर मृणाल, मांडीवर चिमी.

"हं," मालूबाई म्हणाली, "एका लेबलाचे किती?"

'बघा, तुम्हालाच वाटेल ते' मृणालच्या अगदी दातांपर्यंत आलं. तिनं सासूकडं पाहिलं. काकू छताकडं बघत होत्या.

"दीड रुपया, मावशी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण आकडा स्पष्ट होता.

"दीड? घरच्या माणसाला?" मालूबाईनं काकूंना कोपरानं ढोसलं. "बोल ना गं!"

काकूंनी छतावरची नजर खाली आणली, पदर सावरला, घसा खाकरला. सगळं कसं नेहमीसारखं.

"माले, यात मला काही करता येत नाही. कंपनीचा भाव आहे."

"कोणती कंपनी?"

काकूंनी हनुवटीनं समोर दाखवलं.

मालूबाईनं त्या कंपनीकडं पाहिलं. कंपनीच्या खांद्यावर शाईचा डाग होता, आणि कंपनीची वेणी एक दीड वर्षाची पोर तोंडात घालून चघळत होती. मालूबाईच्या पोटातून हसू असं उसळलं की तिला थोपवता येईना.

"घ्या! बाई, फितूर झालीस की गं तू!" ती म्हणाली. "बरं मृणाल, लाव मशीन. सगळे डबे तुझ्याकडंच. पण कंपनीत चहा तरी मिळतो का?"

"तो घासाघीस न करता," मृणाल म्हणाली, आणि चिमीला सासूच्या मांडीवर देऊन उठली.