चार महिन्यांची आगोट

"पैसा हातान ऱ्हावदे आये, गोनीन नको," विनितानं सासूला तिसऱ्यांदा सांगितलं आणि गुणाबायनं तिसऱ्यांदा ते ऐकलंच नाही. ती ओट्यावर पाय पसरून चिंचेतले चिंचोके काढत बसली होती.

मे महिना सरत आला होता. पनवेलच्या खाडीकाठी गावात हे आगोट भरायचे दिवस. पावसाच्या चार महिन्यांचं धान्य, मसाला, सुकी मासळी मृगाच्या आत घरात आणून टाकायची, तिला आगोट म्हणायचं. एकदा ती भरली की मग आभाळ फाटो नाहीतर रस्ता वाहून जावो, चूल पेटती राहते. गुणाबाय या घरात सून म्हणून आली त्याला छप्पन्न वर्षं झाली. तिची एकही आगोट चुकली नव्हती. नवरा गेला त्या सालीसुद्धा बारावं उरकून ती उरणला सुकटीच्या बाजाराला गेली होती.

यंदा मात्र घरात सगळे मिळून बारा हजार होते, आणि पुढचे कुठून येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा अविनाश कंटेनरच्या यार्डात होता. यार्ड बंद झालं, तेव्हा शेवटचा पगार त्यानं आईच्या हातात दिला. शेती तर कधीच गेली होती. विनिता खांदा कॉलनीत नीता मॅडमकडे स्वयंपाकाला जायची. तिचे साडेचार हजार विजेच्या बिलात, गॅसमध्ये आणि मुलीच्या, आभाच्या, दहावीच्या शिकवणीत जायचे.

"आमची मॅडम बग," विनिता म्हणाली. "काय संपला ते फोनमदी लिवून ठेवते. तेवडाच आनते. शनवारी स्वस्त असला तं दोन, नायतं एक. पैसा अडकत नाय."

"तुज्या मॅडमच्या दारान दुकान हाय. आमच्या दारान चिकल."

"रिक्षा येते आता दारापर्यंत."

"रिक्षावाल्याला पन पोट हाय. जून लागला का विसाचे पन्नास मागल. आनि घरान पैसा हाय म्हटल्यावर समदी मागाला येतान. आज तुजा भाऊ, उद्या अविनाशचा दोस्त. गोनी कोन मागत नाय बाय."

"आनि पोर आजारी पडली तं? डाक्टर गोनी घेतो?"

गुणाबायनं पुढची चिंच फोडली. मग ती म्हणाली, "तवाचा तवा बगू. भुकेली पोर आजारी पडते, जेवलेली नाय पडत."

अविनाश दारात फोन बघत उभा होता. "तुमी दोगी काय तं ठरवा," म्हणून तो चपला घालून निघून गेला. ठरवणारी कोण ते तिघांनाही माहीत होतं.

दोन दिवसांनी टेम्पो आला. तांदळाच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या, तेलाचा डबा, तूरडाळ, मसाल्याच्या मिरच्या, सुका जवळा, बोंबील, वाकट्या. रेशनचा तांदूळ महिन्याला वीस किलो मिळायचा, तो धरून दसऱ्यापर्यंत निभावलं असतं. गुणाबायनं मिरच्या भाजल्या, सगळी आळी शिंकत होती. तिच्या सासूच्या वेळी आगोटीचा तांदूळ विकत आणायचा म्हणजे लाज होती. तो आपल्या शेतातून यायचा आणि कारवीच्या कुडाच्या कणगीत माणूसभर उंच उभा राहायचा. बोंबील माळ्यावर, कांदे आढ्याला. आता घर स्लॅबचं होतं. जमिनीच्या पैशात बांधलेलं, खाली गुळगुळीत फरशी, वर गुळगुळीत छत, माळा नाही की आढं नाही.

"गोन्या खाटेवर ठेवू," विनिता म्हणाली.

"आनि मी निजू कुटं? गोनीवर?"

"खाली पानी आला तं?"

"या घरान पानी?" गुणाबाय हसली. "त्या सव्वीस जुलैला आख्खा पनवेल बुडला, तवा पानी आपल्या दुसऱ्या पायरीवर थांबला. मी सोता उबी होते. दोन इटा ठेव, वर फली टाक, झाला."

तिची आठवण खोटी नव्हती. पण त्या साली गावाच्या तिन्ही अंगांना शेतं होती. पाणी यायचं ते शेतात पसरायचं. आता तिथं मुरुमाचा भराव होता, दोन माणसं उंच. गाव वाटीच्या बुडाशी राहावं तसं खाली राहिलं होतं. गुणाबाय तो भराव रोज बघायची, धुळीला शिव्या द्यायची. पण पाण्याचा आणि त्याचा संबंध तिच्या मनात कधी आला नाही. पाणी कुठवर येतं ते तिला पाठ होतं.

ज्येष्ठ अमावास्येला दुपारी उधाण आलं, आणि वरून सकाळपासूनचा पाऊस. विनिता कामावर, आभा शाळेत, अविनाश काम बघायला उरणला. पाणी आधी दारातून आलं नाही. ते न्हाणीच्या मोरीतून वर आलं, काळं, बुडबुडे काढत. गुणाबायनं मोरीत फडकं कोंबलं. फडकं तरंगत बाहेर आलं. मग उंबऱ्यावरूनही पाणी आत शिरलं.

तिनं मसाल्याची बरणी खाटेवर टाकली, बोंबलाचा डबा टाकला. डाळीची पिशवी उचलली ती खालून फाटली. मग ती गोणीला भिडली. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं पन्नास किलो कसे उचलावेत? तिनं दातांनी शिवण तोडली आणि टोपानं तांदूळ उपसून खाटेवर ओतायला लागली. एक टोप, दोन टोप. पाणी पोटरीला लागलं, विटा बुडल्या, फळी हलली. दुसरी गोणी हळूच कलली आणि पाण्यात आडवी झाली. म्हातारं माणूस बसावं तशी.

"काकी! ए गुनाकाकी!" शेजारचा काशिराम दारातून ओरडत होता. "समदी देवलान गेली. चल भायेर!"

"एक हात लाव रे. ती आडवी पडलेय ती उचल."

काशिराम आत आला, त्यानं गोणीचे कान धरून ओढले. भिजलेली गोणी हलेना. "आता ती दोन मनाची झाली काकी. सोड तिला."

"सोडू कशी? दसऱ्यापर्यंतचा हाय तो."

"दसरा बगाला तू ऱ्हायला नको?" म्हणून त्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तिच्या दुसऱ्या हातात टोप तसाच होता.

संध्याकाळी पाणी उतरलं. विनिता आली तेव्हा गुणाबाय खाटेच्या कडेला बसली होती. घरभर गुडघाभर उंचीची काळी रेघ, भिंतीला चिकटलेला जवळा, खाटेवर तांदळाचा लहानसा ढीग. विनिता काय बोलेल ते गुणाबायचं दुपारपासून मनात दहा वेळा ऐकून झालं होतं.

विनितानं पदर खोचला. "खाटेवरच्याला ओला हात लावू नको आये. गोनीतला येगला काढ."

"बोल ना," गुणाबाय म्हणाली. "बोलून टाक एकदा."

"काय बोलू? उद्या सातला कामाला जायाचाय मना. परात दे."

टँकरच्या तीन पाण्यांनी तांदूळ धुतला. ऊन नव्हतं. जुनी लुगडी फरशीवर पसरून त्यावर घातला. वीज दुसऱ्या दिवशी आली तेव्हा पंखा लावला. तांदूळ पिवळा पडला, चिखलाचा वास काही जाईना. काशिरामनं मूठभर हातात घेऊन हुंगला. "कोंबड्यांना घाल काकी."

"कोंबड्या हायेत कुटं?" गुणाबाय म्हणाली.

खाटेवरचा कोरडा सतरा-अठरा किलो भरला. रेशनचा तांदूळ झाकणाच्या पिंपात होता म्हणून भिजला नव्हता, तोही धरला तरी चार माणसांना महिना कसाबसा. अविनाशला काम मिळालं नव्हतं. विनितानं मॅडमकडे उचल मागितली. पुढच्या महिन्याचे दीड हजार मिळाले. तिनं ते नेहमीसारखे सासूच्या हातात ठेवले.

गुणाबायनं ते दोन घटका तसेच धरले. मग सुनेचा हात ओढून त्यात ठेवले. "तुज्या मनान आन. एक किलो, अर्धा किलो, कसा ते."

त्या दिवसापासून चुलीवर दोन भांडी चढू लागली. एकात कोरडा तांदूळ, आभाचा आणि अविनाशचा. दुसऱ्यात गोणीतला, दोघींचा. आभानं दोनदा विचारलं, "आजी, तुमचा भात वेगळा का?" गुणाबायनं सांगितलं, "आमाला म्हाताऱ्यांना जाडा बरा लागतो." विनिता अडतीस वर्षांची होती. तिनं दुसऱ्या भांड्यातला भात आपल्या ताटात वाढून घेतला.

अविनाशनं कधी विचारलं नाही. तो आपलं ताट घेऊन लवकर उठायचा.

चौथ्या दिवशी गुणाबायनं दुसऱ्या भांड्यात मीठ टाकायला चिमूट उचलली. विनितानं तिचं मनगट धरलं.

"त्यान नको घालू आये. खाडीचा मीठ हाय त्यान."

"तू चाखलास?"

"परवापासून बिनमिठाचाच रांधतेय. तुला कललापन नाय."

गुणाबायनं चिमूट बरणीत परत टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

"तेवडाच मीठ वाचला," ती म्हणाली.

दोघी समोरासमोर बसल्या आणि जेवायला लागल्या.