सातवं अंडं

सवत परवडली, निदान तिच्याशी भांडता तरी येतं. माझ्या नशिबी कासवीण आली. आफ्रिकेतल्या दलदलीतली, दुर्मिळ, वनखात्यात रीतसर नोंद केलेली. कोणी जवळ गेलं की डबीचं झाकण लावावं तशी स्वतःला मिटून घेते. आमचे योगेंद्रराव तिला राणी म्हणतात. मला पंचवीस वर्षांत ‘अगं’च्या पुढे काही मिळालं नाही.

यंदा राणीने सात अंडी दिली. देवासच्या कारखान्यात सुट्टीसाठी कधी तोंड न उघडणाऱ्या या माणसाने चार दिवसांची रजा टाकली. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला अर्धा दिवस मिळाला होता! थर्माकोलच्या डब्यात ओली वाळू, वर बल्ब, आत थर्मामीटर. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलची खूण.

“हात लावू नकोस हं,” ते म्हणाले. “अंडं उलटं झालं की आतलं पिल्लू मरतं.”

तीन आठवड्यांनी आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. धारला माझ्या माहेरी जेवण ठरलेलं. मी माहेश्वरी नेसून तयार.

“तू बसने जा ना,” हे म्हणाले. “बत्ती गुल झाली तर अंडी कोण बघेल?”

मग फोनवर कुणाला तरी हसत सांगितलं, “नहीं भिया, आज तो हिलूंगा भी नहीं!”

मी गेले नाही. ते आंघोळीला गेले तेवढ्यात डबा उघडला. एक अंडं, एकच, उलटं केलं. जुनी खूण खोडरबराने पुसली आणि वर आलेल्या बाजूला तशीच नवी काढली.

पुढे सहा पिल्लं निघाली, रुपयाएवढी. सातव्याची त्यांनी आणखी आठ दिवस वाट पाहिली. शेवटी अंडं फोडलं. आत पिल्लू होतं, मेलेलं. ते खाली बसून रडले.

“वाळू ओली करताना माझाच हात लागला असेल गं.”

दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला ते बघवेना.

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. “मी उलटं केलं. आपल्या लग्नाच्या वाढदिवशी, तुम्ही आंघोळीला होतात तेव्हा.”

ते वळले आणि माझ्याकडे पाहतच राहिले. ओठ रागाने थरथरत होते. मागे टबात पिल्लं खुडबुडत होती, पण त्यांनी तिकडे मान वळवली नाही. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं होतं, मला आठवेना. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटलं.