मांडवाच्या जागेवरची जीप

तीन वर्षं माझ्या दारात एक जीप विटांवर बसून होती. चाकं नाहीत, इंजिन गव्हाणीत, सीटा पत्र्याच्या खोलीत आणि नटबोल्ट गोडेतेलाच्या डब्यात. येणारा-जाणारा विचारायचा, गोजरबाई, ही कधी उठायची? मी सांगायचे, माझ्या धनश्रीच्या लग्नात. नातीची पाठवणी ह्याच जीपमधून होणार, वेशीपर्यंत, आणि तुझ्या दारावरून नेणार, तेवढा जागा राहा. गावात सांगितलं, तिसगावच्या बाजारात सांगितलं, मढीच्या जत्रेला आलेल्या पाव्हण्यांना सांगितलं. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण एकदा बोलले की बोलले. माझ्या तोंडचा शब्द आजवर मला परत घ्यावा लागला नव्हता.

जीप आमच्या मालकांनी नगरच्या लष्कराच्या लिलावातून आणली तेव्हा माझा अमृत रांगत होता. हिरवी, मळकट, नाकावर पोचा. सासरे म्हणाले, बैल बघायला पाठवला आणि रेडा घेऊन आला. मालकांनी ती पाथर्डीला नेऊन पिवळी रंगवली, भंडाऱ्यासारखी पिवळीधमक. लोक हसले. मीही हसले, पण घरात. बाहेर म्हणाले, पिवळा रंग लांबून दिसतो, तुम्हाला काय कळतंय. तो त्याचसाठी होता हे मला मागून कळलं.

आमच्याकडं दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. टोळ्या ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. मालक स्वतः कोयत्यावर वाढलेले. फडात वाकलेल्या बाईचा जीव कशात असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणून संक्रांत जवळ आली की जीप निघायची, राहात्याकडं, पुणतांब्याकडं, जिथं आमच्या टोळ्या असतील तिथं. मागं बाजरीच्या पिठाची गठुडी, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं, आयांना भेटायला निघालेली. करंजीच्या घाटात जीप तापायची. मालक तिचं नाक उघडून बसायचे आणि पोरांना दम द्यायचे, आधी तिला पाजा, मग तुमी प्या.

ऊस उंच, त्यात माणूस दिसत नाही. पण बांधावर काही पिवळं आलं की पाचटातून बाया पळत यायच्या, हातात कोयता तसाच. आपलं पोर कोणतं हे ओळखायला त्यांना वेळ लागत नसे, पोरांना लागायचा. एकदा एका पोरीनं आईला बघितलं आणि मलाच घट्ट धरलं. तिची आई उन्हात उभी राहून हसत राहिली. ते हसणं मला अजून बघवत नाही.

मालक गेले आणि जीप गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. अमृतनं खताचं दुकान टाकलं, त्याचा संसार वाढला. मग धनश्री नगरला कॉलेजला गेली आणि एका सुट्टीत मोबाईलवर मला फोटो दाखवायला लागली. जुन्या जुन्या गाड्या, नव्या नवरीसारख्या सजवलेल्या. म्हणाली, आजी, आपली पण अशी होईल. मी म्हणाले, होईल काय, झालीच पाहिजे.

जीप पत्र्याखालून ओढून दारात विटांवर बसवली, आणि दर रविवारी अमृत आणि पाथर्डीचा सूर्यभान मिस्त्री तिच्याखाली शिरायचे. सूर्यभानकडं सगळ्याला एकच उत्तर. गिअर अडकतो? होऊन जातंय की काकू. काच मिळत नाही? होऊन जातंय की काकू. पहिल्या वर्षी खरंच होत गेलं. एक दिवस त्यांनी इंजिन लिंबाच्या बुंध्याला बांधून चालू केलं. एवढा धूर, एवढा आवाज, सगळी आळी गोळा झाली. भिंतीला भिंत लागून माझी धाकटी जाऊ राहते, बनुबाई. ती तोंडाला पदर लावून खोकत खोकत म्हणाली, "आक्का, इंजिन हाय का सासूबाई?"

बनुबाईचं तोंड माझ्यासारखंच आहे, फक्त धार कमी. पुढं काम रखडलं तशी तिला रोज नवी गंमत सुचायची. जीपमध्ये तिच्या कोंबड्या बसायच्या. कुणी विचारलं, काय म्हणतीय आक्कांची जीप, की ही सांगायची, अंडी देती. मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, थांब, पाठवणीच्या दिवशी तुझ्या कोंबड्या पळताना बघते.

धनश्रीचं जमलं, राहात्याचं स्थळ. सगळे म्हणाले लग्न लॉनवर करू, जेवणाची सोय, गाड्यांना जागा. मी म्हणाले, ह्या घरातल्या लेकींचे मांडव दारात पडलेत, हिचाही दारातच पडेल. आता दारात मांडवाला जागा एकच, आणि तिथंच जीप. अमृत म्हणाला, मांडवाच्या आधी ती आपल्या पायानं निघेल. तोवर तिचा रंग झाला होता. उन्हात अशी झळकायची की माझे डोळे भरायचे, आणि मी म्हणायचे ऊन लागलं.

मांडव तोंडावर आला तेव्हा एका सकाळी मी ओलं फडकं घेऊन तिची धूळ पुसत होते. मागच्या चाकाच्या जागी, खाली, जिथं सगळा भार असतो, तिथं हात टेकला आणि हात आत गेला. पिवळ्या रंगाची ढलपी खाली पडली. ते लोखंड नव्हतंच. ती लांबी होती, पोचे भरायला मिस्त्री लोक थापतात ती माती. तिच्या आत लोखंड होतं ते जुन्या पापडासारखं. चुलीपुढचं उलथनं आणून दांडा घातला, तो आरपार निघाला.

अमृतला हाक मारली. तो आला, माझ्या हातातलं उलथनं बघितलं आणि खाली बसला. मग एकेक निघालं. गाडीखाली दोन लांब लोखंडी पट्ट्या असतात, तिला चासी म्हणतात. घराला जसं जोतं, तशी गाडीला चासी. दुकान टाकलं तेव्हा अमृतकडं गोदाम नव्हतं. पत्र्याखालची जीप कोरडी जागा, म्हणून युरियाच्या गोण्या तिच्यात रचल्या, एक हंगाम, दुसरा हंगाम, असं किती वर्षं. पावसाळ्यात खताला घाम सुटतो. तो घाम खाली झिरपत राहिला आणि लोखंड खात राहिला. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गाडी जपायची म्हणून पत्र्याखाली ठेवली, आणि गोण्या जपायच्या म्हणून गाडीत.

मिस्त्रीला हे कधी कळलं, मी विचारलं. अमृत म्हणाला, पहिल्याच वर्षी.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"आई, तू बारा गावांत सांगून बसली हुतीस. कुठल्या तोंडानं सांगनार? म्हनलं, दिसायला तरी नवी हुईल. पाठवनीपुरती ढकलत न्हेऊ वेशीपातूर."

"ढकलत?"

"चार मानसं काय, धा येतील."

मी उलथनं खाली ठेवून त्याच्याकडं बघितलं. पंचेचाळिशीचा माझा लेक, डोक्यात पांढरं, नखांत पिवळा रंग. तीन वर्षांचे रविवार त्यानं एका मेलेल्या गाडीला पावडर लावण्यात घालवले, आणि ते गाडीसाठी नव्हतेच. माझ्या शब्दासाठी होते. मी एवढंच म्हणाले, "ह्या गाडीनं लोकांची लेकरं वाहिली. ती ढकलत न्हेलेली मला बघवनार न्हाई."

तरी सूर्यभानला फोन लावायला सांगितलं. तो म्हणाला, होऊन जातंय की काकू, दुसरी चासी टाकू. फक्त गाडीचा नंबर चासीवर ठोकलेला असतो, तो दुसरा येईल, कागदावर गाडी दुसरी होईल. मी विचारलं, मग ही कुठं जाईल? मिस्त्री म्हणाला, ही भंगारात जाईल काकू. ‘होऊन जातंय’ न म्हणता तो पहिल्यांदाच बोलला. मी म्हणाले, राहू दे मग.

सोडून देणं एक वेळ सोपं. ते बोलून दाखवणं अवघड. त्या दिवशी बनुबाईच्या अंगणात लग्नाचे पापड लाटायला आळीतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या, म्हणजे गावातली सगळी तोंडं एका ठिकाणी. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी उठले, गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं.

"जीप हुनार न्हाई. खतानं तिची चासी खाल्लीय. आसाराम उद्या टोळी घेऊन येतोय, तो ती उचलून भंगाराच्या टेम्पोत घालंल."

लाटणी थांबली. मी बनुबाईकडं बघत राहिले. आता येईल, कोंबड्यांचं येईल, अंड्यांचं येईल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. बनुबाईनं हातातला पापड पुरता लाटला, उचलून खाटेवर टाकला आणि खाली बघतच म्हणाली, "सकाळी उचलनार? मला हाक मार."

सकाळी आसाराम आला, बरोबर दहा-बारा गडी. टोळ्या नुकत्या कारखान्यावरून परतल्या होत्या, सगळ्यांचे खांदे सोललेले. आसाराम आता टोळीचा मुकादम आहे. लहानपणी तो ह्याच जीपमधून आईला भेटायला जायचा आणि घाटात हमखास ओकायचा. त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी माणसं ती, नुसतं बघून वजन सांगतात.

तेवढ्यात बनुबाई आली. लग्नासाठी घेतलेली नवी साडी, डोक्याला तेल, केस चापूनचोपून. मी म्हणाले, लग्न आठवड्यानं हाय, तुला तारीख कळली न्हाई का.

"लग्नाचं र्‍हाऊ दे. मला पुढं बसायचंय," बनुबाई म्हणाली.

"काय?"

"थोरल्या भाऊजींच्या जीपमधी पुढं कायम तू. मी मागं पिठाच्या गठुड्यांवर. राहात्याला उतरायचो तवा तू चकचकीत आन मी पीठ लावलेली. तिथल्या बाया इचारायच्या, ही कोन, गिरनीवाली का?"

गडी हसायला लागले. मी म्हणाले, मोठी मी, पुढं मी बसणार नाही तर कोण. ती म्हणाली, व्हय की, म्हनून तर आज आले, आता ती कुठं जायची न्हाई, आता तरी बसू दे. मी वाटेतून बाजूला झाले. धनश्रीनं घडी केलेली वाकळ आणून दोन्ही बाजूंना टाकली. बनुबाई पुढं चढली आणि पदर सावरून बसली. मग उरली ती मालकांची बाजू, स्टेअरिंगच्या चक्राची. तिथं मी आयुष्यात कधी बसले नव्हते. बसले.

आसाराम म्हणाला, आज्ज्यांनो, बसून झालं, आता उतरा.

"का?" बनुबाई म्हणाली. "पीठ वाहायला चालतं, आमी न्हाई व्हय?"

आसारामनं आमच्याकडं बघितलं, मग आपल्या गड्यांकडं. "दोघी मिळून दोन मोळ्या बी भरायच्या न्हाईत. धरा रे."

त्यांनी धरलं. चासी कुरकुरली, अमृत माझ्या बाजूला येऊन खांदा लावून चालायला लागला. जीप विटांवरून उठली. मी चक्र दोन्ही हातांनी धरलं. इंजिन नाही, चाकं नाहीत, तरी मला वाटलं, सोडलं तर कुठंतरी जाऊन आदळेल. वरून आमचं अंगण लहान दिसत होतं. भिंतीपलीकडं बनुबाईच्या खाटांवर पापड वाळत होते. बाया दारादारांत आल्या. बनुबाई त्यांना हात करायला लागली, निवडून आल्यासारखी. मला हसू आलं. हसता हसता मी मागं वळून रिकाम्या विटांकडं बघितलं, आणि बनुबाईनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "समोर बघ आक्का, घाट आलाय."

टेम्पोजवळ जीप टेकवली, आम्हाला हात देऊन उतरवलं आणि मग ती वर चढवली. टेम्पो पाथर्डीच्या रस्त्याला लागला. पिवळा रंग खरंच लांबून दिसतो.

परत आले तर अंगणात विटांचे चार ढीग, मधे तेल पिऊन काळी झालेली जमीन. अमृत पहार घेऊन आला होता, मांडवाची मेढ रोवायला. खड्डा काही पडेना. त्यानं विचारलं, जरा बाजूला घेऊ का.

"बाजूला कशाला? मांडव हितंच पडंल," मी म्हणाले. "आन खोल खन. वाऱ्यानं उडाला तर गाव मला बोलंल, तुला न्हाई."