शेफील्डच्या स्वयंपाकघरातला सिंथेसायझर

म्हातारी म्हणा, खोका म्हणा, पण मित्रांनो, मला मुकी म्हणू नका! मी सिंथेसायझर आहे, विजेवर गाणारी पेटी. शेफील्डमध्ये, ऑल्ड्रेडांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा जन्म झाला. माझे सुटे भाग पोस्टाने आले आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या ग्लिनने एकेक तार डाख देऊन जोडत मला उभं केलं. मी शिट्टीसारखा पहिला सूर काढला, तर त्याची आई ओरडली, "ग्लिन, किटली उतरव!"

शेजारची हेझल काटे-चमच्यांच्या कारखान्यात पॉलिश करायची. ती गायची आणि ग्लिन मला वाजवायचा. झाली जोडी! नाव ठेवलं 'पेपर फर्नेस', म्हणजे कागदाची भट्टी. ना गिटार, ना ड्रम. लोक विचारायचे, "बाकीचा बँड बसमध्येच राहिला का रे?"

अखेर कामगारांच्या क्लबात एका शुक्रवारी कार्यक्रम मिळाला. रेकॉर्ड कंपनीच्या बाई ऐकायला येणार होत्या. त्यांना गाणं आवडलं नाही, तर सोमवारी ग्लिन लंडनला काकांच्या दुकानात कामाला जाणार होता. म्हणजे जोडी मोडणार, आणि मी माळ्यावर!

आता माझी एक गोष्ट सांगते ती ऐका. माझ्यासारख्या जुन्या यंत्राला आठवण नसते. गोल बटणं जशी वळवाल, तसा आवाज. हेझल आणि ग्लिनने कितीतरी दिवस खपून एक काचेसारखा नाजूक सूर शोधला होता आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून मला चादरीखाली झाकलं होतं.

क्लबात चादर काढली, ग्लिनने पट्टी दाबली आणि भोंऽऽऽ! धुक्यात जहाज ओरडावं तसा आवाज.

"आई!" ग्लिन किंचाळला. "तू याला हात लावलास?"

"धूळ पुसली," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "सगळी बटणं वेडीवाकडी होती, ती सरळ करून ठेवली. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का असं?"

क्लबचे सेक्रेटरी स्टेजजवळ आले. "पोरांनो, सुरू करताय की बिंगोचा खेळ लावू? मंडळींचे आकडे खोळंबलेत!"

"दहा मिनिटं द्या, साहेब!" ग्लिन बटणं फिरवायला वाकला. हेझलने त्याचा हात धरला.

"नको फिरवूस. वाजव पुन्हा."

"हे? हे तर भोंग्यासारखं आहे!"

"कारखान्याच्या भोंग्यावर तर अख्खं गाव उठतं! मी खालच्या सुरात गाते. तू वाजव तर!"

त्याने वाजवलं. अहाहा, मित्रांनो! टेबलावरचे ग्लास किणकिणले. हेझलचा आवाज माझ्या खरखरीत सुरावर असा चढला, की पोलादाच्या भट्टीवर राबलेल्या एका आजोबांनी बिंगोची पेन्सिल खाली ठेवली आणि पायाने ठेका धरला. मग शेजारच्यांनी, मग सगळ्यांनी! गाणं संपलं तेव्हा रेकॉर्डवाल्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि सेक्रेटरी म्हणत होते, "बिंगो राहू द्या, आणखी एक होऊ द्या!"

ग्लिन लंडनला गेला, पण आमच्यासकट, आणि थेट रेकॉर्डिंगला! तो सूर रेडिओवर गाजला. समुद्रापार अमेरिकेतल्या मुलांनी तसाच खरखरीत सूर काढून त्यावर नाचाची गाणी रचली. माझी लेकरं म्हणते मी त्या गाण्यांना!

पुढे आठवण असलेली नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात गेले. धुळीने पट्ट्या अडकल्या, बटणं घट्ट झाली.

पण हेझलने मला पुन्हा बाहेर काढलं. ग्लिनने साफ केलं, तेल-पाणी केलं. त्या दोघांनी शाळेतल्या मुलांना वाजवायला शिकता यावं म्हणून एक खोली उघडली आहे आणि मी तिथे असते. परवा यास्मिन नावाची मुलगी हात मागे बांधून माझ्यासमोर उभी होती.

"बाई, बिघडलं तर?"

"तर तू दुरुस्त करायला शिकशील," हेझल म्हणाली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसा, तारा सांभाळा, पण आम्हाला काचेच्या कपाटात कोंडू नका. आम्हाला वाजवा! यास्मिनने एक बटण अर्धं फिरवलं. असा सूर निघाला, की तो मीसुद्धा जन्मात ऐकला नव्हता!