जगदंबेच्या मुखवट्यामागचा कर्णा

मोखाड्याच्या बोहाड्याच्या, म्हणजे देवांच्या सोंगांच्या उत्सवाच्या, मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. फळ्यांच्या ओट्यावर जगदंबेचा लाकडी मुखवटा टांगलेला, त्यामागे कर्णा, खाली पेटी. आणि देवी घुमत होती! "हूं... ऊंऽऽ!"

आमच्याकडे मुखवटा चढला की नाचणारा माणूस उरत नाही, देवच होतो. बायका त्याच्या पायांवर पाणी घालतात. मग मुखवटाच बोलू लागल्यावर शंका कोणी काढायची? सोंगांची नावं पुकारायला नाशकाहून आणलेलं हे आवाज वाढवायचं यंत्र बिघडलं, आणि ते आणणारा चंपतगीर बघता बघता महाराज झाला.

"विलायती पेटीत जगदंबा उतरली!" तो गरजत होता. "ज्या लेकरापुढे आई घुमेल, त्याच्या पोटात बाधा! उपाय एकच, पोटावर डाग!"

डागाची दक्षिणा कोंबडा. त्याच्यामागे भरलेली डालगी कलकलत होती. शेगडीत विळा लाल झाला होता. आणि माझ्या तापलेल्या बाळाला घेऊन सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या.

"द्या त्याला इकडे. दवाखान्यात नेऊ."

"गप बस, सूनबाई. कॉलेजात देव शिकवत नाहीत."

"लेकरं भाजायलाही शिकवत नाहीत!"

माझी नजर महाराजाच्या पायांवर होती. त्याने माझ्या बाळापुढे टाच फळीवर आदळली. लगेच देवी घुमली. त्याने विळ्याकडे हात नेला.

मी ओट्यावर चढले. बाजूच्या संबळवाल्याची काठी ओढून घेतली आणि पेटीचं झाकण उघडलं. आत बल्बसारखे काचेचे वाल्व मंद पेटलेले. घुमणं ओसरताच पहिल्यावर हलकेच टकटक केलं, शांत. दुसऱ्यावर, शांत. तिसऱ्यावर काठी टेकते न टेकते, तोच कर्ण्यातून "ऊंऽऽ!"

"भ्रष्ट बाई! आई कोपेल!" चंपतगीर ओरडला.

"सासूबाई, तुम्ही मारा."

त्यांनी भीत भीत काठी लावली. देवी घुमली. "अगो बाई! हिला तर मीसुद्धा बोलवते!"

"याच्या आतल्या तारा सैल झाल्यात," मी सांगितलं. "धक्का बसला की थरथरतात. यंत्राचं कामच आवाज मोठा करणं. कर्ण्याच्या आवाजाने फळ्या हादरतात, तारा पुन्हा थरथरतात, म्हणून घुमणं लवकर थांबत नाही."

बटण बंद करून मी तो तापलेला वाल्व पदराने धरून उपटला, पेटीतलाच राखीव बसवला आणि बटण लावलं. "आपटा आता टाच!"

चंपतगीर हलेना. आमच्याकडे कामाला येणारी नवशी पुढे झाली. "आपट नं रं बाबा! पाय मोडला का?" आणि तिनेच फळीवर दणादण उड्या मारल्या. कर्णा मुका. कोंबड्या तेवढ्या ओरडल्या.

मी बाळाला कडेवर घेतलं आणि सोंगांची नावं पुकारायच्या माइकशी तोंड नेलं. "ऐका!" मुखवट्यामागून माझा आवाज स्वच्छ घुमला, आणि काय सांगू, पुढच्या रांगेने हात जोडले!

"हात खाली करा!" मी चिडून ओरडले. "मी देवी नाही. घाबरलेली आई आहे. यंत्र बिघडलं तर ते उघडून बघावं. लेकरू आजारी पडलं तर डॉक्टरला दाखवावं. कळत नसेल तर विचारावं, पण न कळलेल्याच्या पाया पडून कुणाच्या पोटाला विळा लावू नये!"

सासूबाईंनी देवाच्या पायांवर घालायच्या पाण्याची घागर शेगडीवर उपडी केली. "चल," त्या म्हणाल्या, "दवाखान्याची वाट दाखव."