बहारातला पांढरा डाग

वर्षालीनं कॅमेऱ्याचं शटर उघडलं आणि अंधारात हाक दिली,

"काकाजी, थांबू नका. बॅटरी फिरवत चालत राहा. थांबले का फोटोत भुतावानी दिसान."

वासुदेवराव संत्र्याच्या झाडाभोवती फिरू लागले. बॅटरीचा झोत जाईल तिथला बहार पांढराशुभ्र होऊन वर येई. कॅमेऱ्याची पिशवी दवानं भिजू नये म्हणून त्यांनी अंगातलं स्वेटर काढून तिच्याखाली अंथरलं होतं. माघाच्या थंडीत नुसत्या बनियनवर हा खटाटोप चालला होता. एका फांदीपाशी मात्र त्यांचे पाय अडलेच. तिथं वासच तसा सुटला होता.

फोटो पुण्याला जायचा होता. त्यांची बायको शकुंतलाबाई दिवाळीनंतर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिथं मुलाकडे गेल्या होत्या. गुडघा केव्हाच बरा झाला, पण मुलगा म्हणत होता, आता उन्हाळाभर राहा. दरवर्षी बहारासाठी पाणी तोडून ताणावर ठेवलेल्या बागेला पहिलं पाणी त्यांच्या हातानं सुटायचं. यंदा ते वासुदेवरावांनी भीतभीतच सोडलं. बहार लागला तसा त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ घर खायला उठलं. पण "ये" म्हणायला जीभ रेटेल तर शपथ.

"बहार पाह्यला का तिले सोताहून वाटन," एवढंच ते वर्षालीला, आपल्या पुतणीला, म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी कारंजा गावातल्या आपल्या स्टुडिओत वर्षालीनं फोटो सजवायला घेतला. लग्नाच्या अल्बमांवर बसलेला हात तिचा. आभाळ गडद निळं केलं, ठिबकची नळी पुसली, खताचं पोतं पुसलं. फांदीआड एक पांढरट डाग होता, तोही पुसला. झाड असं उजळलं, की शेजारी स्टुलावर बसलेले वासुदेवराव नुसते बघत राहिले.

फोटो पाठवल्यावर थोड्याच वेळात काकूंचा फोन आला. वर्षालीनं स्पीकर लावला.

"बहार मस्त आला व माय. पन बॅटरी कोन धरली?"

"काकाजींनी."

"मंग ते काऊन दिसत नाई?"

वर्षाली ओशाळली. "थांबलते ते एका जागी. डागासारखे दिसत होते, म्हणून पुसले मी."

"मूळचा पाठव."

तिनं मूळचा फोटो पाठवला. नळी, पोतं, आणि फांदीआड पांढरं धूसर बनियन, फुलांकडे वर केलेला चेहरा. वासुदेवराव उगाच स्टुलाची कड चाचपत राहिले.

"एवढ्या थंडीत बनियनवर?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "माह्यामागं स्वेटरबी सापडत नाई वाटते या मानसाले. पोराले सांगतो, रविवारचं तिकीट काढ मनून."

"नाई काकू, स्वेटर तर..." वर्षाली बोलायला गेली.

स्टुलावर, ते स्वेटर गळ्यापर्यंत घालून बसलेल्या वासुदेवरावांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.