शून्य तास

मोरिहिको कपाटाची काच पुसायला बसला की किनुयोला हसू आवरत नसे. पांढरे हातमोजे, मऊ फडकं, धूळ उडवायचा रबरी फुगा, सगळं देवघरासमोर मांडावं तसं मांडून तो बसायचा. कपाटात हातात धरून खेळायचे गेम रांगेने उभे होते. सगळे खोक्यात, सगळे सीलबंद. आत दमटपणा मोजायचा काटा आणि कोपऱ्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली, पण यातला एकही गेम त्याने कधी खेळून पाहिला नव्हता.

किनुयो कवळ्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला होती. तिच्या मते तिचा नवरा म्हणजे भारीतली कवळी करून घेऊन ती कपाटात जपणारा आणि बोळक्या तोंडाने भात गिळणारा माणूस.

ती मात्र खेळायची. जेवणं उरकली की कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबदार रजईत पाय खुपसायचे, शेजारी संत्र्यांची परडी ओढायची आणि बेटाबेटांवर टपाल पोचवणारी पडद्यावरची आपली होडी हाकायची. पण गेल्या महिन्यापासून तिच्या जुन्या गेमची अंगठ्याने फिरवायची डावी काडी बिघडली होती. अंगठा उचलला तरी होडी आपोआप डावीकडे सरकायची आणि खडकावर आपटायची. किनुयोने तो खोलून पाहिला. काडीखालची काळी पट्टी घासून पार झिजली होती. नवा गेम घेण्यावाचून इलाज नव्हता.

"तेलकट बोटांनी धरलं की असंच होणार," मोरिहिको म्हणाला.

"वापरला की झिजतो. तुला कुठून माहीत असणार?"

त्याच सुमारास या गेमची निळ्या रंगाची खास आवृत्ती येणार असल्याचं जाहीर झालं. विकत घेऊन दामदुपटीने विकणारे फार माजले होते, म्हणून दुकानाने सोडत ठेवली. अट एकच होती, खात्यावर खेळलेले किमान पन्नास तास हवेत. मोरिहिकोचा अर्ज लगेच परत आला. त्याने तावातावाने दुकानात फोन लावला.

"काहीतरी चूक झालीय तुमची!"

"नाही साहेब, आपले तास शून्य आहेत."

"अहो, माझ्याकडे आजवर निघालेले सगळेच्या सगळे आहेत!"

"हो साहेब, छानच. पण तास शून्य आहेत."

फोन ठेवून तो कोतात्सूपाशी येऊन बसला. आवाज एकदम मवाळ झाला होता. "किनुयो, तुझ्या नावाने अर्ज टाकूया का? तुझे तर हजारावर तास असतील."

"आणि लागला तर?"

"उजव्या बाजूला जागा करून ठेवलीय मी."

"म्हणजे खेळायचा नाही?"

"खेळायचा?" त्याने असं पाहिलं, जणू ती शोभेच्या बशीत मासा तळायला निघाली होती. "खेळायला तुझा तो डबा आहे की."

"टाक," किनुयो म्हणाली. पुढचं तिने मनातच ठेवलं.

सोडतीत तिचं नाव लागलं. शनिवारी दोघं दुकानात गेली. इनामी नावाच्या तरुण विक्रेत्याने किनुयोचं ओळखपत्र तपासलं आणि खोकं काउंटरवर आणून ठेवलं. मोरिहिकोने खिशातून हातमोजे काढून चढवले. तेवढ्यात इनामीने जाड काळ्या मार्करचं टोपण उघडलं.

"हे काय करताय?" मोरिहिको किंचाळलाच.

"आमचा नियम आहे साहेब. पुढे विकला जाऊ नये म्हणून खोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहितो आणि सील इथेच फोडायला लावतो."

"पण मी विकणार नाहीये! शपथेवर सांगतो, मी तर उघडणारसुद्धा नाही!"

इनामीचा हात हवेतच थांबला. "उघडणार नाही? मग करणार काय त्याचं?"

रांगेत मागे उभी असलेली शाळकरी मुलगी फिसकन हसली. मोरिहिकोचे कान लाल झाले. तो किनुयोच्या कानाशी लागला. "नको म्हणून सांग. नाव लिहिलेलं खोकं म्हणजे कचरा. चल, घरी जाऊ."

"सोडत बाईंच्या नावाने आहे," इनामी अदबीने म्हणाला. "त्यांना नको असेल तर पुढच्या नंबराला जाईल."

किनुयोने नवऱ्याकडे पाहिलं. घरी तिची होडी खडकावर आपटत होती, आणि हा माणूस पांढरे हातमोजे घालून चल म्हणत होता. कपाटात जायचा नसेल तर गेम कोणाच्याच हातात जाऊ नये, बायकोच्याही नाही, असं त्याचं चाललं होतं.

"आडनाव त्सुबोई," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिहा."

"नावापुढे मानाचं 'सामा' लावतो, बाई."

"लावा की. घरी कोण लावतंय?"

मग तिने नखाने सील एका झटक्यात फाडलं. मोरिहिकोने डोळे गच्च मिटले, दात उपटताना मिटावेत तसे.

घरी आल्यावर तिने जुना खेळ नव्या गेमवर उतरवून घेतला. अंगठा उचलला. होडी जागच्या जागी थांबली. किनुयोने समाधानाने एक संत्रं सोललं आणि सालं जवळच्या रिकाम्या खोक्यात टाकली.

समोर बसलेल्या मोरिहिकोने बराच वेळ कळ काढली. मग म्हणाला, "जरा बघू?"

"हातमोजे काढ आधी."

त्याने काढले. गेम हातात घेतला आणि लगेच होडी थेट खडकावर घातली.

"अरे, एवढा मोठा डोंगर दिसत नाही?"

"वळायचं कुठून हे मला काय माहीत!"

"शून्य तास," किनुयो म्हणाली आणि गेम काढून घेतला.

तो पुटपुटला, "निदान खोकं तरी दे."

तिने ओली सालं परडीत झटकली आणि खोकं त्याच्याकडे सरकवलं. त्याने ते फडक्याने पुसलं, फुग्याने दोनदा हवा मारली आणि नावाची बाजू भिंतीकडे करून उजवीकडच्या जागेत उभं केलं. हलकेच काच लावली.

सकाळपर्यंत कपाटातला दमटपणाचा काटा चांगलाच वर चढला होता. मोरिहिको पुड्या बदलत, काचेला नाक लावून कारण शोधत बसला. आत संत्र्याचा वास भरून राहिला होता. किनुयोने एकदा तिकडे पाहिलं आणि होडी पुढच्या बेटाकडे वळवली.